साडेतीन इंच

गाडी उंच केली ती पांदणीसाठी, असं मी गावात सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. मधे काळ्या मातीचा उंचवटा राहतो, वाळला की दगडासारखा. आमची पिकअप भरून निघाली की त्यावर पोट घासत जायची. दोनदा इंजिनच्या तेलाचं भांडं फुटलं, एकदा सायलेन्सर गळून मागे पडला. तेव्हा उंच करायची गरज होतीच. पण त्याला दोन इंच पुरले असते. वरचे दीड इंच मी सासऱ्यांसाठी केले. त्यांना पुढच्या सीटवर चढता येऊ नये म्हणून.

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला अंदाज असेल, पण त्यांनी कधी विचारलं नाही, आणि न विचारणं हा त्यांचा जुनाच गुण आहे.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरपासून जवळ. पिकअप घेतली तेव्हा ती अकोल्याच्या एका कापूसवाल्याकडे चार वर्षं वापरलेली होती. पुढे दोनच सीटा. एकीवर नवरा चालवायला, दुसरीवर मामाजी. मी मागे, माल भरायच्या उघड्या डाल्यात. सून सासऱ्याच्या शेजारी बसत नाही, ही आमच्याकडची रीत, आणि रीत म्हणून मला तिचं तेव्हा काही वाटलं नाही. पण धाकटा झाला तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली ती वैशाखात, भर दुपारी. मला वाटलं, आज तरी मामाजी मागे बसतील, किंवा एसटीने येतील. ते आधीच पुढे जाऊन बसले होते. काच खाली करून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तिच्या डोक्यावर ताडपत्री बांध. मी चार दिवसांचं लेकरू पदराखाली घेऊन, खताच्या रिकाम्या पोत्यांवर बसून घरी आले. टाके दुखत होते. बडनेऱ्याच्या पुलावर गाडी आदळली तेव्हा मी केबिनच्या मागच्या काचेतून आत पाहत होते. मामाजींची मान डुलत होती. झोप लागली होती त्यांना.

पुढे नवऱ्याच्या पाठीचा मणका सरकला. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी विसरा. गाडी विकायची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटलं, मी चालवते. दोन महिने मी रिकाम्या वावरात शिकले, मग लायसन काढलं, मग भाडी मारायला लागले. सोयाबीन, तूर, ढेप, खत, लग्नाची भांडी, जे मिळेल ते. आसपासच्या चार गावांत पिकअप चालवणारी बाई मी एकटीच होते आणि मला त्याचा अभिमान होता. तो मी लपवत नव्हते.

आता रीत अडचणीत आली. सून सासऱ्याच्या शेजारी बसत नाही, पण सून चालवत असेल तर? मामाजींनी यावर तोडगा काढला. पहिल्याच दिवशी ते नेहमीप्रमाणे चढले, आपली काठी दोन सीटांच्या मधे उभी धरली आणि तोंड खिडकीकडे केलं. काठीच्या पलीकडे ते, अलीकडे मी. म्हणजे शेजारी कुणी बसलेलंच नाही. मला गियर टाकताना ती काठी दर वेळी हाताला लागायची.

तेही चाललं असतं. पण मामाजी बोलायचे. ब्रेक लाव. इकडून घे. हॉर्न देऊन राह्यली काहून, तो काय बहिरा हाय. चांदूर रेल्वेच्या बाजारात मी पोती उतरवून घेत असे तेव्हा ते चहाच्या टपरीवर बसून लोकांना सांगत, सूनबाई नुसती चाक फिरवते, बाकी सारं मी सांगतो. लोक हसायचे. मला पाहून आणखी हसायचे. घरी येताना मी एकदा म्हटलं, मामाजी, असं सांगत नका जाऊ. ते म्हणाले, खोटं काय हाय त्यात?

मग श्रावणात पांदणीवर गाडी फसली. मागची दोन्ही चाकं चिखलात, मधला उंचवटा पोटाला टेकलेला, डाल्यात दुसऱ्याचं खत. मामाजी खाली उतरून बांधावर बसले. मी साडी खोचून फावड्याने तो उंचवटा तासला, चाकांखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या, पोती एकेक करून बांधावर नेली, गाडी काढली आणि पोती पुन्हा भरली. तीन तास लागले. हाताची साल गेली. आठ दिवसांनी नांदगावला कृषी केंद्राच्या बाकावर मामाजी ही हकीकत सांगत होते. त्यात पऱ्हाट्या त्यांनी घातल्या होत्या, उंचवटा त्यांनी तासला होता, आणि मी डोक्याला हात लावून रडत बसले होते. मी दारात उभी होते. त्यांनी मला पाहिलं, आणि पुढचं सांगणं थांबवलं नाही. उलट माझ्याकडे बोट करून म्हणाले, विचारा तिले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. सुनेने चार माणसांत सासऱ्याला खोटं पाडायचं नसतं. मी म्हटलं, हो.

त्या 'हो'चा राग मला इतका आला की रात्री घास उतरला नाही. तेव्हाच ठरवलं, यांची ती सीट काढायची. कशी, ते अजून ठरलं नव्हतं.

मार्ग मला त्यांच्या गुडघ्याने दाखवला. उजवा गुडघा त्यांचा कधीचाच गेलेला. चढताना ते दाराचा दांडा धरायचे, डाव्या हाताने धोतरासकट उजवी मांडी उचलायचे, पाय पट्टीवर ठेवायचे, आणि मग तोंडाने हुंकार देत अंग वर ओढायचे. ती पाय ठेवायची पट्टी जमिनीपासून वीस इंचांवर होती. मी शिवणाच्या टेपने मोजली. मग आठवडाभर मी गाडी मुद्दाम वेगवेगळ्या जागी उभी केली. एक दिवस सपाट, एक दिवस चाक विटेवर चढवून, एक दिवस नालीच्या कडेला, म्हणजे त्यांच्या बाजूला जमीन खाली जाईल. आणि आरशात पाहत बसले. बावीसवर ते चढले, दोनदा प्रयत्न करून. तेवीसवर पाय पट्टीला लागून घसरला. त्या दिवशी त्यांनी मला गाडी पुढे घ्यायला सांगितलं आणि सपाटीवर चढले. मी घेतली. मला हवा होता तो आकडा मिळाला होता.

आता सवाल होता तो स्वस्तात उंची कुठून आणायची. अमरावतीच्या एका दुकानात गेले तर त्याने मोबाइलवर चित्रं दाखवली. बाहेरून मागवायचा तयार संच, रंगीत शॉकअप, चकचकीत बोल्ट. किंमत ऐकून मी पाणी मागितलं. तो म्हणाला, ताई, पोरं हौसेने लावतात. मी म्हटलं, माझी हौस वेगळी आहे. त्याला ते कळलं नाही. दुसरा मार्ग मोठे टायर घालायचा. त्याने इंचभर उंची मिळाली असती, पण भरल्या गाडीला ओढ कमी पडली असती आणि डिझेल जास्त गेलं असतं. तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त. वेल्डिंगवाला अ‍ॅक्सल आणि त्यावरची पोलादी कमान यांच्या मधे लोखंडी ठोकळे बसवून देणार होता, तासाभराचं काम. आमच्या गावात एकाने तसे बसवले होते. भरल्या गाडीने ब्रेक दाबला की ठोकळा जागचा हलायचा. माझा राग कितीही असला तरी मला मरायचं नव्हतं. कमानीच्या टोकाच्या कड्या लांब करून देणाराही एक भेटला. त्याने माझ्याकडे न पाहता नवऱ्याला फोन लावायला सांगितलं. त्याच्याकडून मी तशीच परतले.

शेवटी अकोल्याचा कमानमिस्त्री सापडला. कमान म्हणजे गाडीच्या खाली असतात ते एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे, ज्यांवर सगळा भार बसतो. हा मिस्त्री जुने पाटे उतरवून भट्टीत तापवून त्यांना नव्याने बाक द्यायचा आणि गरजेप्रमाणे वरून एखादा पाटा वाढवायचा. तयार संचाच्या चौथ्या हिश्शात काम. साठीचा माणूस, पांढरी दाढी, भुवया भट्टीने जळालेल्या. घराण्यात तिसऱ्या पिढीपासून हेच. मी गाडी दाखवली तेव्हा त्याने खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, रिकामी गाडी मी मोजत नसतो.

"भरून आणा बाई. जेवढं रोज भरता तेवढं. अन् जे बसतेत त्यांनाही बसवून आणा. खाली गाडी झूठ बोलते."

ही त्याची पद्धत. बाप-आजापासून चालत आलेली. गिऱ्हाइकाने माल भरून, माणसं बसवून यायचं, मग तो चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत चारी बाजूंनी मोजणार, मग बाक ठरवणार. त्याने विचारलं, पुढे तुमच्या बाजूला कोण बसते? मी म्हटलं, सासरे. तो म्हणाला, मग त्यांना आणा. बुजुर्ग माणूस आहे, तर चढ-उतरीचंही पाहावं लागते.

चार दिवसांनी मी अकोल्याला निघाले तेव्हा डाल्यात खताची पोती होती आणि पुढच्या सीटवर सरकीच्या ढेपेचं पोतं. मामाजींचं वजन ढेपेच्या पोत्याहून थोडं जास्त, म्हणून वर पाच किलो मीठ ठेवलं. पट्टा लावला. मामाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, आज मले नाही नेत काय? मी सांगितलं, गाडी कामाला टाकायची आहे, दिवसभर तिथं बसून काय कराल. ते पोत्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, तिथं काहून ठेवलं ते, मांगं जागा नाही काय? मी म्हटलं, मागे भिजेल. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी वर पाहिलं.

मिस्त्रीने दार उघडलं, पोतं पाहिलं, पट्ट्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मामाजींना ताप आहे, त्यांच्या वजनाचं आणलं. त्याने टेप काढली. मोजलं, खडूने भिंतीवर चार आकडे लिहिले, मग म्हणाला, दोन इंच करतो. तुमच्या पांदणीला तेवढं बहोत झालं. मी म्हटलं, साडेतीन करा. त्याने समजावलं. उंच गाडी वळणावर डुलते, मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा जोड तिरपा होऊन आवाज करतो, ब्रेकची नळी ताणते. शिवाय बुजुर्ग माणसाला चढता येणार नाही. मी म्हटलं, ते चढतात. अंगाने धट्टेकट्टे आहेत.

त्याला खरं वाटलं असेल किंवा नसेलही. पण माल मी भरला होता, वजन मी आणलं होतं, आणि त्याच्या पद्धतीत गिऱ्हाईक जे बसवून आणेल तेच मोजायचं. पोत्याला गुडघे नसतात. दोन दिवसांत त्याने चारी कमानी तापवून बाक दिला, मागे एकेक पाटा वाढवला, नळ्या बदलल्या. परत येताना मूर्तिजापूरच्या पुढे मी मुद्दाम एका हॉटेलसमोर थांबले आणि खाली उतरून गाडीकडे पाहत चहा प्यायले. इतकी सुंदर गाडी मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी नेहमीसारखे तयार होऊन आले. धुतलेलं धोतर, टोपी, खिशात चष्म्याचं घर. ओट्यावर शेजारचे दोघं बसलेले होते, गाडी पाहायलाच आले होते. मामाजींनी दांडा धरला, मांडी उचलली. पाय पट्टीच्या खालच्या कडेला लागला आणि परत आला. पुन्हा उचलली. शेजारच्याने विचारलं, हात देऊ काय? त्यांनी मानेने नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी मांडी उचलली, म्हणजे दांडा सुटला, आणि ते मागे झोकांडले. काठी नालीत पडली. मी इंजिन चालू ठेवून समोर पाहत होते. मला सगळं दिसत होतं.

काठी कुणीतरी काढून दिली. मामाजींनी ती धोतराला पुसली. मग दार हलकेच लावून म्हणाले, जाय तू, उशीर होऊन राह्यला.

मला आनंद झाला. इथे मी सभ्यपणाने काही वेगळं लिहू शकते, पण आनंदच झाला. चांदूर रेल्वेपर्यंत मी गात गेले. बाजारात टपरीवाल्याने विचारलं, आज आजोबा नाही? मी म्हटलं, नाही, आता मीच चाक फिरवते आणि मीच सांगते. तो हसला, मीही हसले. दुपारी मी दोन प्लेट भजी खाल्ली.

नवऱ्याने सुचवलं, पट्टीच्या खाली आणखी एक पायदान वेल्ड करून घेऊ. मी सांगितलं, पांदणीत वाकून जाईल, मग उंच करायचा फायदा काय? ते बरोबर होतं. मग त्यांनी स्टूल आणलं. लाकडी, देवघरातलं. मामाजी स्टुलावर उभे राहिले, दांडा धरला, पाय पट्टीवर ठेवला. आता ते चढणार हे मला दिसलं. माझा पाय ब्रेकवर होता. तो मी थोडासा सैल केला. गाडी उताराला होती, वीतभर पुढे सरकली. मामाजी दांड्याला लोंबकळले, स्टूल आडवं झालं, आणि नवऱ्याने त्यांना मागून मिठी मारून धरलं नसतं तर ते डोक्यावर पडले असते. नवरा दुखऱ्या पाठीनिशी तसाच बसला. मी खाली उतरून म्हटलं, ब्रेक सुटला. स्टूल पुन्हा बाहेर आलं नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी भीती वाटली. पण थांबले नाही, कारण थांबायचं म्हणजे कबूल करायचं.

मामाजी पहिले पंधरा-वीस दिवस तसेच तयार होऊन ओट्यावर बसायचे. मी गाडी काढली की उठून दारापर्यंत यायचे, दाराला हात लावायचे, आणि मी गियर टाकला की मागे व्हायचे. त्यांना चढायचं नसायचं. मला दाखवायचं असायचं. गल्लीतल्या बाया पाहायच्या. मी कामाला येणाऱ्या बायांना म्हटलं, पुढे बसा, सीट रिकामी आहे. त्या डाल्यात चढल्या. एक जण म्हणाली, थे बुढ्याची जागा हाय. मग मी तिथे माझा डबा आणि पाण्याची बाटली ठेवू लागले.

मग मामाजींनी तयार होणं सोडलं. टोपी खुंटीला राहिली. गाडीने जायचे तेव्हा ते बाजारात उतरायचे, टपरीपर्यंत चालायचे, कृषी केंद्रात जायचे, कुणाच्या तरी वखारीत डोकावायचे. ते सगळं चालणं गेलं. एसटीने जायला फाट्यापर्यंत जावं लागतं, ते होईना. दसऱ्यापर्यंत ते ओट्यावर बसायचे, दिवाळीनंतर ओसरीत, पुढे खाटेवर. न्हाणीत जाताना भिंत धरायला लागले. भिंतीच्या चुन्यावर हाताच्या उंचीवर एक काळा पट्टा पडला. तो मी दोनदा पुसला आणि नंतर सोडून दिला. बोलणंही कमी झालं. मला ज्या बोलण्याचा वीट आला होता ते पूर्ण बंद झालं, आणि जेवताना नुसता भांड्यांचा आवाज यायला लागला. एकदा त्यांनी मला विचारलं, चांदूरले तुरीचा भाव काय निघाला? मी सांगितला. ते म्हणाले, बरा हाय. तेवढ्यावर दोन दिवस गेले.

मिस्त्रीने सांगितलेलं गाडीच्या बाबतीतही खरं झालं. भरलेली गाडी वळणावर डुलायची. तूर निघाली तेव्हा नांदगावच्या वळणावर एका बाजूची चाकं उचलल्यासारखी झाली. मागच्या जोडातून टकटक ऐकू यायची. मी स्वतःला सांगितलं, गाडीसाठी उंची कमी करायला पाहिजे. हेही खोटं नव्हतं. माझं काहीच कधी पूर्ण खोटं नसायचं.

मी अकोल्याला गेले, या वेळी भरून, पण पुढच्या सीटवर काहीच न ठेवता. मिस्त्रीने खाली वाकून बराच वेळ पाहिलं. मग चारी बाजूंनी टेप लावली आणि भिंतीवर लिहिलं. म्हणाला, उजवी बाजू बसली आहे, डावी नाही. त्याचा अर्थ मला कळायच्या आत त्याने तो सांगितला.

"आठ महिन्यांत इथं कोणी बसलं नाही बाई."

त्याने मागचे वाढवलेले पाटे काढले, बाक उतरवला, दोन इंचांवर आणला. पैसे देताना मी विचारलं, याहून खाली होईल का? तो म्हणाला, होईल, पण मग तुमची पांदण. मी म्हटलं, पांदण जाऊ द्या. त्याने आणखी इंच उतरवला. आता गाडी आधीपेक्षा एकच इंच उंच राहिली. एकवीस. मामाजी बावीसवर चढले होते हे मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी ओट्याला लावली, सपाटीवर. हँडब्रेक ओढला, चाकापुढे वीट लावली. आत जाऊन मामाजींना सांगितलं, चला, चांदूरला जाऊ, गाडी खाली केली आहे. ते खाटेवर उठून बसले. टोपी शोधली. नवऱ्याने धोतर नेसवून दिलं. भिंत धरून, मग दाराची चौकट धरून, मग माझा खांदा धरून ते गाडीपर्यंत आले. माझ्या खांद्याला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला. हात इतका हलका होता की मी मान वळवून पाहिलं.

त्यांनी दांडा धरला. डाव्या हाताने मांडीला धरलं. मांडी उचलली गेली नाही. पाय जमिनीवरून चार बोटं वर आला आणि खाली गेला. पुन्हा तेवढाच आला. मी वाकून त्यांचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि उचलायला लागले तसे ते कळवळले. डावा गुडघा दुमडत होता. ज्या पायावर उभं राहायचं तोही आता त्यांचा उरला नव्हता. मी एकवीस इंचांवर आणलं होतं आणि आता पाचही चालले नसते.

मी त्यांचं पाऊल धरून तिथेच खाली बसले. मला रडू आलं आणि त्या रडण्याचा मला राग आला, कारण ते फार सोयीचं होतं. मी म्हटलं, मामाजी, मी मुद्दाम केलं होतं.

ते म्हणाले, "मले पयल्याच दिवशी समजलं होतं. सीटवर पोतं बांधलं त्याच दिवशी."

"मग बोलले काहून नाही?"

त्यांनी दांड्यावरचा हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. माया म्हणून नाही, तोल जात होता म्हणून. वरून त्यांचा आवाज आला, बाजाराच्या टपरीवर असायचा तसाच, ठणठणीत.

"मी बोललो असतो तं तू आखीन एक पाटा टाकला असता."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. शेजारचे पाहत होते, नवरा पाहत होता. मामाजी उत्तराची वाट पाहत माझ्या डोक्यावर भार देऊन उभे होते. त्यांनी माझ्याबद्दल चार माणसांत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत एवढी एकच खरी होती.

मी म्हटलं, हो.